निकाल बूथनिहाय कसा वाचावा: मुंबई दक्षिण मध्यच्या निमित्ताने

निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक नाक्यावर एक तरी तज्ज्ञ सापडतो. अमुक समाजाने गठ्ठा मतदान केलं, तमुक वस्तीने दगा दिला, कॉलनीवाले सुट्टीला निघून गेले. हे सगळं तो छातीठोकपणे सांगतो, आणि त्यातलं अर्धं बरोबरही असतं. कोणतं अर्धं, एवढंच कळत नाही. ते पडताळून पाहायचा कागद निवडणूक यंत्रणाच तयार करते आणि फुकट उपलब्ध करून देते. त्याचं नाव फॉर्म २०. कोणत्या बूथवर कुणाला किती मतं पडली, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं.

उदाहरणाला मुंबई दक्षिण मध्य घेतो, कारण यापेक्षा सरमिसळ मतदारसंघ शोधायला लांब जावं लागेल. अणुशक्तीनगर, चेंबूर, धारावी, सायन कोळीवाडा, वडाळा आणि माहीम अशी सहा विधानसभा क्षेत्रं त्यात येतात. कुंभारवाड्यातले गुजराती कुंभार, धारावीतले तमिळ, शिवाजी पार्कचे मराठी मध्यमवर्गीय, दादरची पारशी कॉलनी, नायगावच्या बीडीडी चाळी, चिता कॅम्प, अणुशास्त्रज्ञांची वसाहत आणि माहीमचा कोळीवाडा, हे सगळे मिळून एकच खासदार निवडतात.

पायरी १: आधी हद्द तपासा

मतदारसंघाचं नाव तेच राहतं, जमीन बदलते. १९८४ साली काँग्रेसची लाट असताना कामगार नेते दत्ता सामंत याच नावाच्या मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. पण तो गिरणगावाचा मतदारसंघ होता, आणि तो भाग आता बराचसा मुंबई दक्षिणमध्ये आहे. धारावी तेव्हा मुंबई उत्तर मध्यमध्ये होती. २००४ मध्ये एकनाथ गायकवाडांनी मनोहर जोशींना हरवलं, ते तिथे. २००८ मध्ये मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि आजचा नकाशा तयार झाला. म्हणून तुलना २००९ पासून पुढेच करा. ‘इथे पूर्वीपासून अमक्याचं वर्चस्व’ असं कुणी म्हणालं, तर ‘पूर्वी’ म्हणजे कोणत्या नकाशावर, हे विचारा.

पायरी २: कागद मिळवा आणि आधी बेरीज करा

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. लोकसभेचा असेल तर प्रत्येक विधानसभा क्षेत्राचा वेगळा, म्हणजे आपल्याला सहा फाइली लागतील. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराची मतं, वैध मतांची बेरीज, नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’) आणि एकूण. तळाशी यंत्रांवरची बेरीज येते आणि त्याखाली टपाली मतं वेगळी येतात. टपाली मतं कुठल्याच बूथवर दिसत नाहीत, त्यामुळे बूथची बेरीज आणि जाहीर निकाल यांत थोडा फरक पडतोच. त्यात घोटाळा शोधू नका.

बऱ्याचदा ही फाइल स्कॅन केलेली असते. उमेदवारांची नावं उभी छापलेली, एखादं पान तिरकं, शिक्का नेमका आकड्यावर. एक्सेलमध्ये उतरवायला कंटाळा येतो, पण उतरवल्याशिवाय काही हाती लागत नाही. प्रत्येक पान झालं की उमेदवाराच्या रकान्याची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहा. मी पहिल्यांदा हे सगळं शेवटी करू म्हणून ठेवलं आणि मग एका ३ चा ८ शोधण्यात अख्खा रविवार गेला.

पायरी ३: बूथचा क्रमांक वस्तीला जोडा

फॉर्म २० मध्ये वस्तीचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. त्यासाठी मतदान केंद्रांची यादी आणि मतदार यादी समोर ठेवा. यादीच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यात कोणत्या गल्ल्या, चाळी, इमारती येतात ते दिलेलं असतं. शाळेच्या पत्त्यावरून वस्ती ठरवू नका. एकाच महापालिका शाळेत सात-आठ खोल्या म्हणजे सात-आठ बूथ असतात. एका खोलीत टॉवरवाले रांगेत उभे असतात आणि शेजारच्या खोलीत मागच्या झोपडपट्टीतले.

सगळ्या क्षेत्रांसाठी हे करायला महिना जाईल. एकच विधानसभा क्षेत्र घ्या, तेही जिथे तुम्ही पायी फिरला आहात असं.

हे जुळवलं की निकालाच्या दिवशीचं एक कोडंही सुटतं. मतमोजणी विधानसभा क्षेत्रनिहाय होते, साधारण चौदा टेबलं असतात, आणि बूथ क्रमाने घेतले जातात. म्हणजे पहिल्या फेरीत बहुधा पहिले चौदा बूथ. ते सगळे एकाच बाजूच्या वस्त्यांमधले असतील, तर टीव्हीवर ‘मोठी आघाडी’ झळकते आणि सहाव्या फेरीत ती वितळते. यंत्रं बदलली म्हणून आरडाओरडा करण्याआधी बूथची यादी पाहिली, तर नक्की कुठल्या फेरीत आपली वस्ती उघडणार ते आधीच सांगता येतं. पक्षांचे जुने मोजणी प्रतिनिधी ही यादी खिशात घेऊनच बसलेले असतात.

पायरी ४: टक्केवारीचा छेद तपासा

फॉर्म २० मतं सांगतो, पण बूथवर एकूण मतदार किती होते ते मतदार यादीतून घ्यावं लागतं. हाच टक्केवारीचा छेद, म्हणजे ज्या आकड्याने भागायचं तो. मग टक्केवारी काढता येते. आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबतो.

समजा एका बूथच्या यादीत १,२०० नावं आहेत आणि मतं पडली ४८०. टक्केवारी चाळीस. शेरा तयार असतो: लोक उदासीन आहेत. पण ही चाळ पुनर्विकासाला गेली असेल तर? माणसं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत डोंबिवली-विरारला राहत असतात आणि नावं मात्र जुन्याच पत्त्यावर असतात. वारलेल्यांची नावं आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आहेत, दोनदा नोंदलेली आहेत. यातली तीनशे नावं प्रत्यक्षात तिथे नसतील, तर ४८० मतं ९०० मतदारांतली झाली. टक्केवारी थेट ५३ वर गेली. उदासीन कोण मग, मतदार की यादी?

दादर, नायगाव, सायनसारख्या भागात, जिथे दर चौथ्या चौकात क्रेन उभी आहे, तिथे हा प्रश्न फारच मोठा आहे. अचूक छेद मिळणार नाही. निदान ज्या बूथच्या हद्दीत पाडकाम झालंय त्यांवर खूण करा आणि त्यांची टक्केवारी इतरांशी ताडू नका.

पायरी ५: दोन निवडणुका ताडताना चिन्हाच्या मागे जाऊ नका

२०१९ आणि २०२४ शेजारी ठेवा. राहुल शेवाळे दोन्ही वेळा धनुष्यबाणावर उभे होते. २०१९ मध्ये त्यांना ४,२४,९१३ मतं मिळाली आणि काँग्रेसच्या एकनाथ गायकवाडांना २,७२,७७४. २०२४ मध्ये शेवाळेंना ३,४१,७५४ आणि ठाकरे गटाच्या मशालीवर उभ्या असलेल्या अनिल देसाईंना ३,९५,१३८. देसाई ५३,३८४ मतांनी जिंकले.

उमेदवार तोच आणि चिन्हही तेच, म्हणून शेवाळेंचा रकाना सरळ ताडावासा वाटतो. पण मधल्या काळात शिवसेना फुटली, आणि आयोगाने २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. २०१९ चा धनुष्यबाण अख्ख्या सेनेचा होता, २०२४ चा अर्ध्या सेनेचा. समोर तर आणखी गंमत आहे: हाताचा पंजा मतपत्रिकेवरच नव्हता. ज्यांनी आयुष्यभर सेनेविरुद्ध मत दिलं त्या धारावीतल्या काँग्रेसवाल्यांनी या वेळी सेनेच्याच एका तुकड्याला मत दिलं.

आकड्यांतही ते दिसतं. शेवाळेंची ८३,१५९ मतं घटली, पण त्यांच्यासमोरच्या प्रमुख उमेदवाराची मतं मागच्या वेळच्या तुलनेत १,२२,३६४ ने वाढली. म्हणजे सगळा फरक ‘शेवाळेंची मतं तिकडे गेली’ एवढ्याने भरत नाही. उरलेली मतं कुठून आली? नवे मतदार, मागच्या वेळी घरी बसलेले, मागच्या वेळी तिसऱ्याला दिलेले. यासाठी २०१९ च्या फॉर्मवरचे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे रकाने वस्तीनुसार पाहा. लोक पहिल्या दोघांवरच थांबतात, आणि खरी बातमी अनेकदा तिसऱ्या रकान्यात असते.

पक्षाऐवजी आघाडीनुसार रकाने एकत्र केले तरी सावध राहा. माहीम घ्या. लोकसभेला मनसेने महायुतीला पाठिंबा दिला होता, आणि देसाई मतदारसंघ जिंकले तरी माहीममध्ये शेवाळेच पुढे होते. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तिथे शिंदे गटाचे सदा सरवणकर आणि मनसेचे अमित ठाकरे दोघेही उभे राहिले आणि महेश सावंत मशालीवर १,३१६ मतांनी जिंकले. लोकसभेतल्या शेवाळेंच्या त्या मताधिक्यात मनसेचीही मतं होती, ती विधानसभेत वेगळी दिसली. उलट बाजूने पाहा: याच सहा क्षेत्रांपैकी चार, म्हणजे वडाळा, सायन कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्तीनगर, विधानसभेला महायुतीकडे गेली. जूनमध्ये ‘हा भाग महाविकास आघाडीचा’ म्हणून शिक्का मारणाऱ्यांची डिसेंबरमध्ये पंचाईत झाली.

बूथचे क्रमांकही दोन निवडणुकांमध्ये बदलतात. २०२४ च्या विधानसभेला तर मुंबईत गृहनिर्माण संस्थांमध्येही केंद्रं झाली. म्हणून क्रमांकाला क्रमांक जोडू नका, गल्लीला गल्ली जोडा.

पायरी ६: जात-धर्माचं गणित जपून

मोह इथेच होतो. यादीतली आडनावं मोजायची, मतांशी ताडायची आणि ‘अमुक समाजाने ८० टक्के’ असं जाहीर करायचं. एक साधं उदाहरण घ्या. बूथवर ६०० मतं पडली, त्यातली निम्मी एका समाजाची. एका उमेदवाराला ३०० मतं मिळाली. त्या समाजाने सगळीच्या सगळी दिली आणि बाकीच्यांनी एकही नाही, असंही असू शकतं. दोघांनी दीडशे-दीडशे दिली, असंही असू शकतं. कागदावर दोन्ही वेळा ३०० च दिसणार. मिश्र बूथ कुणाचंच गुपित फोडत नाही.

आडनावंही फसवतात. चिता कॅम्पमध्ये तमिळ बोलणारे मुस्लिम आहेत. धारावीतलं नाडार आडनाव हिंदूही असतं आणि ख्रिस्तीही. ‘शेख’ वाचून उर्दूभाषक समजलात, तर तो माणूस कोकणातला, घरी मराठी बोलणारा निघू शकतो. तमिळ सेल्वन सायन कोळीवाड्यातून २०१४ पासून सलग तीनदा भाजपकडून निवडून आले. त्यांना मत देणाऱ्यांत तमिळ किती आणि पंजाबी, मराठी, गुजराती किती, हे आडनावांच्या यादीवरून सांगणारा माणूस अंदाजच सांगतोय.

त्यातल्या त्यात बरी रीत अशी: जिथे जवळपास एकाच प्रकारची वस्ती आहे असे बूथ आधी निवडा, तिथला कल पाहा, आणि तेवढ्याचपुरतं बोला. वाक्यही तसंच लिहा. ‘या वस्तीतल्या आठ बूथवर अमक्याला दोन तृतीयांश मतं’ हे बरोबर. ‘या समाजाने अमक्याला दिलं’ हे बरोबर नाही, कारण तोच समाज टॉवरमध्ये वेगळं मत देत असेल आणि ते तुमच्या आठ बूथमध्ये नाही.

जाता जाता एक खटकणारी गोष्ट. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची तरतूद होती. यंत्रं आल्यावर प्रत्येक बूथचा आकडा उघडा पडला. जो कागद तुमच्या हातात आहे तोच नगरसेवकाच्या कार्यालयातही आहे, आणि ‘तुमच्या गल्लीतून काही आलं नाही हो’ हे वाक्य पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्यांना ऐकावं लागतं. म्हणून तुम्ही काही लिहून सगळीकडे पाठवणार असाल, तर एकेका बूथचं नाव घेऊ नका. पाच-दहा बूथ मिळून एक वस्ती धरा.

पायरी ७: फिरून या

तक्ता झाला की जे बूथ विचित्र दिसतात त्यांची यादी करा: शेजारच्यांपेक्षा टक्केवारी एकदम कमी, नोटा जास्त, किंवा एखाद्या अपक्षाला अचानक शंभर मतं. पाच-सहाच निघतील. तिथे संध्याकाळी जा. चाळीच्या तोंडाशी बसलेल्या एखाद्या आजींना विचारा की मतदानाच्या दिवशी काय झालं. यंत्र दोन तास बंद होतं, केंद्र या वेळी हमरस्त्यापलीकडच्या शाळेत हलवलं होतं, तो अपक्ष इथल्याच मंडळाचा पोरगा आहे, अशी उत्तरं मिळतात. तक्त्यात एक जास्तीचा रकाना त्यासाठी ठेवा, आणि वर मतदार यादी कोणत्या तारखेची वापरली ते लिहा. पुढच्या निवडणुकीला ही फाइल उघडाल तेव्हा केंद्रांचे क्रमांक बदललेले असतील, आणि गल्ल्या ओळखायला हाच रकाना कामी येईल.