जैवइंधनाच्या पुरवठा साखळीत काम सुरू करताय?

या क्षेत्रात नवीन आलेली मंडळी आल्या आल्या ऑप्टिमायझेशनचं मॉडेल (सर्वांत कमी खर्चाचा पर्याय शोधणारं गणित) उघडून बसतात. माझं सांगणं, आधी काही दिवस प्रकल्पाच्या वजनकाट्यावर उभे राहा. मोकळा पेंढा घनमीटरला 50 किलोच्या आसपास भरतो, गठ्ठे बांधले की 150 वगैरे, पेलेट (दाबून केलेल्या छोट्या कांड्या) केल्या की 600च्या वर. मोकळा पेंढा भरलेल्या ट्रकमध्ये जागा संपते, वजनाची मर्यादा मात्र लांबच राहते. भाडं आपण हवेचं भरतो.

तसंच पाण्याचं. गठ्ठ्यात ओलाव्याच्या मीटरची सळई खुपसल्यावर आकडा 20 टक्क्यांच्या वर गेला, तर तो गठ्ठा गंजीत रचू नका. बुरशी धरते, आतून तापतो, कधीकधी पेटतोही. भाव नेहमी कोरड्या टनावर, म्हणजे ओलाव्याचं वजन वगळून, ठरवा, आणि एकाच शीटमध्ये ओले-कोरडे टन मिसळलेत का, हे सगळ्यात आधी तपासा. (बहुतेकदा मिसळलेले असतात.)

आता खरी गंमत. प्रकल्पाची क्षमता दुप्पट केली तर उभारणीचा खर्च साधारण दीडपटच होतो, म्हणून सगळ्यांना मोठा प्रकल्प हवा असतो. पण दुप्पट माल दुप्पट क्षेत्रातून येतो, म्हणजे सरासरी अंतर 1.4 पट. टनामागे उभारणी स्वस्त होते नि वाहतूक महागते. दोन्हींची बेरीज कुठे सर्वांत कमी होते, ते शोधायचं. त्यात रस्त्यांची वळणं धरा. नकाशावरचं सरळ अंतर कधीच पुरत नाही. शिवाय पीक काही आठवड्यांत निघतं आणि प्रकल्प वर्षभर चालवायचा असतो, तेव्हा गोदाम आणि साठवणीतली घट हिशोबात हवीच.

वितरणाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पेट्रोलच्या पाइपलाइनमधून ते सहसा पाठवत नाहीत. टँकर किंवा रेल्वेने डेपोवर नेऊन तिथे मिसळतात. लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. तेवढीच ऊर्जा पोचवायला टँकरच्या फेऱ्या दीडपट लागतात.

शिकायचं म्हणाल तर मिक्स्ड-इंटीजर प्रोग्रामिंग (प्रकल्प इथे उभारायचा की नाही, असे हो-नाहीचे निर्णयही धरणारं गणित), ते मांडायला पायथन या संगणकभाषेतलं पल्प किंवा पायोमो, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर. ही साधनं फुकट मिळतात. पहिलं मॉडेल जुळलं की कच्च्या मालाचं उत्पन्न 30 टक्क्यांनी घटवून ते पुन्हा चालवा. सरासरी वर्षात सर्वांत स्वस्त ठरलेली जागा तेव्हाही स्वस्तच राहते का, हा प्रश्न तुमच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारणार.