टीव्ही, स्पीकर, कॅमेरा: घरातल्या स्मार्ट वस्तूंना गप्प कसं बसवायचं

आमच्याकडे स्मार्ट स्पीकर येऊन दीड वर्ष झालं तेव्हा मला त्याच्या अ‍ॅपमध्ये व्हॉइस हिस्टरी नावाचं पान सापडलं. सहज म्हणून उघडलं आणि मग रात्री उशिरापर्यंत ऐकतच बसले. बरंचसं "लाइट बंद कर", "सहाचा गजर लाव" असलंच होतं, पण मध्येच कोणी काही मागितलेलं नसताना झालेली रेकॉर्डिंगही होती, कुणाची तरी शिंक, टीव्हीवरच्या बातम्या, आणि एक आमचंच भांडण, अर्ध्यात सुरू होऊन अर्ध्यात तुटलेलं, आणि त्यात नेमकं माझंच वाक्य तेवढं पूर्ण आलेलं. त्याचं हसूच आलं. पोटात गोळा आला तो त्याच अ‍ॅपमधलं दुसरं पान बघून. कुठला दिवा किती वाजता लागला, कुठला प्लग कधी बंद झाला, दार कधी उघडलं, सगळं तारीखवार. तेवढं एक पान हाती लागलं तर आम्ही कधी उठतो, कधी बाहेर पडतो, घर किती वेळ रिकामं असतं हे कुणीही अनोळखी माणूस सांगू शकेल. तेव्हापासून माझं मत असं झालंय की आपण माइकच्या नावाने बोंबलतो आणि या नोंदींकडे कानाडोळा करतो, आणि उलट व्हायला पाहिजे.

तर पुढे जे लिहितेय ते मी दोन सुट्ट्या घालवून केलेलं आहे. मेनूची नावं मॉडेलनुसार आणि अपडेटनुसार थोडी इकडेतिकडे होतात, त्यामुळे अगदी तसंच नाव दिसलं नाही तर प्रायव्हसी किंवा टर्म्स असं काही दिसतंय का ते शोधा, तिथेच कुठेतरी असतं.

पहिलं काम यादी. डोक्यातून करू नका, विसरायला होतं. राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते ती उघडा आणि एकेक ओळखत चला. मला वाटलं होतं आमच्याकडे सहा-सात वस्तू असतील, निघाल्या सतरा, त्यात एक वजनकाटा आणि एक जुना टॅब्लेट जो कपाटात पडून होता पण चार्जरला लावलेला. काही नावं अगम्य असतात, नुसते आकडे आणि अक्षरं. अशा वेळी घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि यादीतून कोण गायब होतं ते बघायचं. ओळख पटली की प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहा, ही इंटरनेटशिवाय चालली तर माझं काय अडेल? वजनकाट्याचं उत्तर "काहीच नाही" होतं, त्याच दिवशी त्याला वायफायवरून काढून टाकलं. अजून तो वजन दाखवतोच आहे, दुर्दैवाने.

मग टीव्ही. लोक याला शेवटी ठेवतात, मी म्हणेन पहिला घ्या कारण पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक मोठा पडतो. बहुतेक स्मार्ट टीव्हीमध्ये ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन नावाचा प्रकार असतो. तो काय करतो, तर पडद्यावर जे चाललंय त्याचे बारीक नमुने घेतो, त्यातून बोटाच्या ठशासारखी एक खूण बनवतो आणि ती सर्व्हरवरच्या खुणांशी जुळवून तुम्ही कुठला कार्यक्रम किंवा कुठली जाहिरात बघताय ते ओळखतो. आणि हे फक्त टीव्हीतल्या अ‍ॅपपुरतं असतं असं समजू नका, बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआयला लावलेला सेटटॉप बॉक्स, गेमचा कन्सोल, अगदी लॅपटॉपचा पडदासुद्धा यात येतो. व्हिझिओ नावाच्या कंपनीने हेच सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर लोकांना धड न सांगता केलं, शिवाय ती माहिती विकली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी आणि न्यू जर्सी राज्याशी तडजोड करून २२ लाख डॉलर भरले. भागाकार करून बघा, एका टीव्हीमागे किती पडले ते.

बंद कुठे करायचं? सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', रोकूवाल्या टीव्हीत 'यूज इन्फो फ्रॉम टीव्ही इनपुट्स', सोनीच्या काही मॉडेलमध्ये 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही'. नावं बघा ना, एकातही "आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवतो" असं कळत नाही. सोबत जाहिरातींच्या पर्सनलायझेशनचं बटण असतं तेही बंद करा आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातवाल्यांसाठीचा टीव्हीचा ओळख क्रमांक, रीसेट करा. सेटअपच्या वेळी आपण घाईघाईत "सगळं मान्य" करून बसलेलो असतो, तिथली संमती नंतरही काढून घेता येते आणि टीव्ही नीट चालू राहतो, मी घाबरत केलं होतं पण काही बिघडलं नाही. मोठं सॉफ्टवेअर अपडेट आलं की एकदा परत डोकावून यायचं.

आता स्पीकर, इथे जरा थांबून समजून घ्या कारण गैरसमज फार आहेत. स्पीकर दिवसभर सगळं सर्व्हरला पाठवत बसतो असं नसतं. तो सतत ऐकतो हे खरं, पण हाक मारायचा शब्द ओळखायचं काम त्याच्या आतच होतं, शेवटचे काही क्षण तेवढे धरून ठेवतो आणि पुढचं आलं की मागचं पुसतो. हाक ऐकू आली असं वाटलं की मग आवाज बाहेर जातो. गोची त्या "वाटलं" मध्ये आहे, कारण त्याला चुकीचंही वाटतं. २०१८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं अ‍ॅमेझॉनच्या इको स्पीकरने रेकॉर्ड करून त्यांच्याच कॉन्टॅक्टमधल्या एका माणसाला पाठवून दिलं, कंपनीचं म्हणणं असं की एकापाठोपाठ एक शब्द चुकीचे ऐकले गेले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, अजून एक गोष्ट बाहेर आली, अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल तिघांकडेही आवाजाचे काही तुकडे खरीखुरी माणसं ऐकत होती, मशीनला शिकवायसाठी म्हणून. आरडाओरडा झाल्यावर सेटिंग आली, पण ती शोधून बंद करायचं काम आपल्याकडेच.

अलेक्सावाला इको स्पीकर असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'अलेक्सा प्रायव्हसी' उघडा. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायची तिथे "ठेवूच नका" हा पर्याय निवडा, तो नको असेल तर निदान ३ महिने. खाली माणसांकडून तपासणीला परवानगी देणारं बटण असेल ते बंद करा. स्मार्ट होम डिव्हाइसची हिस्टरी वेगळी असते, माझ्या पोटात गोळा आला होता तो तसल्याच पानावर, तीही पुसा आणि पुढच्यासाठी मुदत लावा. कधीकाळी गंमत म्हणून चालू केलेली स्किल्स, म्हणजे अलेक्साची छोटी जोड-अ‍ॅप, आणि त्यांना दिलेल्या परवानग्याही तिथेच सापडतील. गूगलवाल्यांनी खात्यातलं माय अ‍ॅक्टिव्हिटी उघडून वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये आवाजाच्या पर्यायापुढची टिक काढायची आणि ऑटो डिलीट ३ महिन्यांवर आणायचं. आयफोन किंवा होमपॉड असेल तर अ‍ॅनालिटिक्सच्या मेनूत 'इम्प्रूव्ह सिरी अँड डिक्टेशन' बंद आहे ना ते बघून घ्या.

आणि एक, बंद केलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. अलेक्साने मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं ठेवली आणि आईवडिलांनी पुसायला सांगूनही सगळं पुसलं नाही, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. काही मोजक्या इको मॉडेलवर आवाज क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला, न पाठवायची सोय होती, ती २८ मार्च २०२५ पासून काढून टाकली. म्हणून माझा जास्त विश्वास स्पीकरच्या अंगावरच्या माइक बंद करायच्या बटणावर आहे. आमच्याकडे आता उलटा नियम आहे, माइक एरवी बंदच आणि लागेल तेव्हा उठून चालू करायचा. मग स्पीकरचा उपयोग काय असं घरातले विचारतात, प्रश्न बरोबर आहे, गाणी ऐकायला ब्लूटूथने जोडतो, चालतं. झोपायच्या खोलीतून मात्र तो काढलाच.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत कडक आहे, घराच्या आत कॅमेरा लावायचा नाही, दाराबाहेर आणि गेटवर ठीक. लहान बाळ किंवा आजारी माणूस म्हणून लावावाच लागला तर त्याचं तोंड पाळण्याकडे किंवा दाराकडेच असू द्या, अख्खी खोली दिसायची गरज नसते, आणि घरी आल्यावर प्लग काढा. कारण इथे हॅकरचीच भीती आहे असं नाही. रिंग या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या प्रकरणात कंपनीचाच एक कर्मचारी बायकांच्या घरातले, अगदी खासगी जागांमधले हजारो व्हिडिओ बघत होता, त्यावर २०२३ मध्ये ५८ लाख डॉलरला तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायझ या दुसऱ्या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांची चित्रं दिसली, तेव्हा कोणी हॅक वगैरे केलं नव्हतं, यंत्रणाच गोंधळली.

तरी हॅकरला दार उघडं ठेवायचं कारण नाही. कॅमेऱ्याच्या खात्याला वेगळा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, कारण लोकांच्या कॅमेऱ्यात घुसणारे बरेचदा दुसऱ्या साइटवरून फुटलेला पासवर्डच इथे लावून बघतात. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवणं तर विचारू नका, २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, असलेच ठरलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. रेकॉर्डिंग क्लाउडऐवजी मेमरी कार्डवर किंवा घरातल्या रेकॉर्डरवर होत असेल तर तसं करा, एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे व्हिडिओ कंपनीलाही बघता येणार नाही अशी कुलूपबंदी, असेल तर चालू करा, एखाद-दुसरी सोय जाईल पण जाऊ दे. आणि शेअर केलेले युजर तपासा. घर सोडून गेलेला रूममेट, ज्याच्याशी आता बोलणंही नाही असा माणूस, वायरिंग करून गेलेला टेक्निशियन, यांचा अ‍ॅक्सेस महिनोन्महिने तसाच चालू राहतो. हे मला तरी हॅकरपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

झाडू मारणारा रोबोट घेणार असाल तर कॅमेरावाला न घेता लेझरवर चालणारा घ्या, नकाशा तोही बनवतो पण फोटो काढत नाही. रूम्बाच्या चाचणीसाठी दिलेल्या रोबोटांनी टिपलेली चित्रं, त्यात टॉयलेटवर बसलेली एक बाईसुद्धा, चित्रांवर खुणा करणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून सोशल मीडियावर पोचली होती. ते रोबोट दुकानात विकलेले नव्हते आणि लोकांची संमती घेतली होती असं कंपनी म्हणाली, पण संमती देताना असलं काही डोक्यात नसतं कुणाच्या.

फोनवरची अ‍ॅप राहिली. बल्बच्या अ‍ॅपला लोकेशन कशाला हवं असं वाटून आपण चिडतो, पण जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथने आजूबाजूची डिव्हाइस शोधायला ती परवानगी लागायचीच, त्यामुळे जोडताना "फक्त वापरताना" अशी द्या आणि जोडून झालं की काढून घ्या. कॉन्टॅक्ट आणि माइक मागणाऱ्या बल्बला मात्र सरळ नाही म्हणायचं.

नेटवर्कचं काम अवघड वाटतं पण मुख्य गोष्ट एकच आहे, राउटरवर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून सगळ्या स्मार्ट वस्तू तिकडे हलवायच्या. म्हणजे एखादा बल्ब किंवा कॅमेरा कोणाच्या ताब्यात गेलाच तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत सहज पोचता येत नाही. सगळं परत जोडावं लागतं, अर्धा दिवस जातो, आणि फोनवरून टीव्हीला व्हिडिओ पाठवायचं बंद होऊ शकतं, मग टीव्ही तेवढा परत मूळ नेटवर्कवर घ्यावा लागतो. यूपीएनपी, म्हणजे वस्तूंना राउटरमधून बाहेरचं दार आपोआप उघडू देणारी सोय, बंद करा, राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, झालं.

नवीन काही घ्यायचं असेल तर खोक्यावर बघायची गोष्ट म्हणजे ते इंटरनेटशिवाय चालतं का. दिवा आपल्या डोक्यावर आणि त्याला लावायचा हुकूम मात्र कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो, असला द्राविडी प्राणायाम झिगबी किंवा मॅटर या जोडणीच्या पद्धतींवर चालणाऱ्या वस्तूंमध्ये करावा लागत नाही, त्या घरातल्या घरात बोलू शकतात. थोडी खटपट करायची तयारी असेल तर होम असिस्टंट नावाची फुकट प्रणाली घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर बसवता येते आणि मग दिव्यांच्या नोंदी तुमच्याकडेच राहतात. मी अजून तिथवर पोचलेली नाही, दोनदा बसवून दोनदा कंटाळले.

शेवटचं, वस्तू विकताना किंवा टाकताना. नॉर्थइस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ८६ वापरलेले इको डॉट विकत घेतले, त्यातले ६१ टक्के आधीच्या मालकांनी रीसेटच केलेले नव्हते. त्यामुळे फॅक्टरी रीसेट करा, मग अ‍ॅपमध्ये जाऊन ती वस्तू खात्यातूनही काढा, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि फारच काळजी वाटत असेल तर वायफायचा पासवर्ड बदला, कारण मेमरीच्या चिपमधून रीसेटनंतरही काही खणून काढता येतं हेही त्यांनी दाखवलंय. वस्तू बंद पडली असेल आणि रीसेट होतच नसेल तरी खात्यातून काढता येते. आणि कॅमेरा देताना त्यातलं मेमरी कार्ड काढून घ्या. मी विसरले होते, दुसऱ्या दिवशी फोन करून परत मागायला लागलं.