घरातल्या आठवणी कशा टिपाव्यात आणि कशा लिहाव्यात

घरातल्या ज्येष्ठांसमोर वही उघडून ‘तुमच्या लहानपणच्या आठवणी सांगा’ असे म्हटले, की बहुतेक वेळा ‘आमचं काय, गरिबीत दिवस काढले, पण सुखात होतो’ एवढेच उत्तर मिळते. त्यात खोटे काही नसते, पण लिहिण्यासारखेही काही नसते. म्हणून आठवण विचारू नये. वस्तू, जागा आणि कामे विचारावीत. चूल कोणत्या भिंतीला होती, पाणी कोण आणि कुठून आणत असे, कंदिलाच्या काचा कोणी पुसायच्या, मागच्या पंगतीला बसणाऱ्या बायकांपर्यंत भाजी उरत असे का, असे प्रश्न विचारले की माणूस त्या घरात परत शिरतो आणि किस्से आपोआप निघू लागतात.

माझे आजोळ बार्शीचे, त्यामुळे उदाहरणे तिकडचीच देतो. १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारले तेव्हा मावशीने ‘फार वाईट दिवस होते’ म्हणून विषय संपवला होता. भाकरी कशाची करत होता, असे विचारल्यावर मात्र ती सावरून बसली. रेशनवर मिळणाऱ्या मिलो या लाल ज्वारीची भाकरी थापताना चिरत असे, म्हणून आजी पिठात उकळते पाणी घालून मळत असे. शेजारच्या घरात थोडा शाळू शिल्लक होता आणि भिंतीवर घड्याळ होते. तिकडून भाकरी थापल्याचा आवाज आला, की धाकटा मामा ‘किती वाजले?’ असे विचारायला नेमका तेव्हाच जात असे. काही दिवसांनी शेजारच्या काकूंनी वेळ सांगण्याऐवजी पाट मांडला आणि म्हणाल्या, ‘बस, वाजले तुझे.’ दुष्काळाचा हा एवढा तुकडा पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो, आणि तो केवळ भाकरीच्या प्रश्नामुळे हाती लागला.

कोणाला कुठे बसवून विचारायचे, यालाही महत्त्व आहे. आजोबा समोर असले, की आजी ‘ह्यांनाच विचारा, मला काय कळतंय’ म्हणून मोकळी होते. तीच आजी दुपारी माजघरात शेंगा फोडताना किंवा वाती वळताना तासभर बोलते. हाताला काम असले, की बोलणे सैल होते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी सांगून परवानगी घ्यावी, फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, पंखा शक्य असल्यास बंद करावा आणि कुकर लावायची वेळ टाळावी. एका बैठकीत तासाच्या पुढे जाऊ नये, कारण थकलेला माणूस लवकर आटोपण्यासाठी गोष्ट जुळवून सांगू लागतो. बैठक संपताच फाइलला सांगणाऱ्याचे नाव, तारीख आणि विषय द्यावा. हे काम उद्यावर ढकलले, की फोनमध्ये निनावी फाइलींचा ढीग साठतो आणि पुढे तो कोणी उघडून ऐकत नाही.

ऐकलेले आणि अनुभवलेले यांतला फरक जागच्या जागी विचारून घ्यावा. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली, आणि अलीकडे तिचे रूळ रुंद होईपर्यंत आमच्याकडच्या तीन-चार पिढ्यांचे येणे-जाणे तिच्यावरच झाले. ती इतकी सावकाश चाले, की उतरून पाणी पिऊन परत चढता येई, हा किस्सा तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. तो बहुतेक प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगितला जातो. अशा वेळी न हसता ‘तुम्ही स्वतः उतरला होता का? कुठे? सोबत कोण होते?’ असे विचारावे. उत्तर ‘लोक म्हणायचे’ असे आले, तर तसेच लिहावे. स्वतः उतरलेला माणूस मात्र हातातला तांब्या कोणी धरला होता, हेसुद्धा सांगतो.

खरी कसरत असते ती काळ ठरवण्याची. जुनी माणसे इसवी सन सांगत नाहीत. ‘थोरलीच्या वेळी मला सातवा होता’ किंवा ‘विहीर आटली त्या साली’ असे सांगतात. त्यांना सन विचारून हैराण करण्यापेक्षा सगळ्या गावाला माहीत असलेल्या घटनांचे खुंटे ठोकावेत आणि ‘त्याच्या आधी की नंतर?’ एवढेच विचारावे. सप्टेंबर १९४८ मधली हैदराबादची पोलीस कारवाई हा आमच्या भागातला मोठा खुंटा आहे, कारण बार्शी इंग्रजी मुलखात आणि शेजारचा उस्मानाबाद जिल्हा निजामाकडे होता; रझाकारांच्या काळात तिकडचे नातेवाईक इकडे बार्शीला येऊन राहिल्याच्या आठवणी घरोघर निघतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसांना विचारावा. किल्लारीचा भूकंप तर तासासकट लक्षात असतो, कारण ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट अनंत चतुर्दशीनंतरची होती आणि विसर्जनाहून उशिरा परतलेली माणसे नुकतीच झोपली होती. अमुक लग्न या भूकंपाच्या अलीकडचे की पलीकडचे, हे सांगायला कोणालाही फारसा विचार करावा लागत नाही.

पैशांवरून काळ ठरवताना मात्र जपावे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, म्हणून ‘चार आण्याला’ असे ऐकताच काही जण ती आठवण १९५७ पूर्वीची ठरवून टाकतात. प्रत्यक्षात पंचवीस पैशांना चार आणे म्हणण्याची सवय ते नाणे २०११ मध्ये चलनातून जाईपर्यंत टिकली. ‘भोकाचा पैसा’ हा त्यापेक्षा चांगला पुरावा आहे, कारण ते नाणे १९४३ ते १९४७ या वर्षांतच पडले. अर्थात ते नंतरही काही वर्षे हातोहात फिरत होते. (योगायोग असा, की मुंबई राज्यातल्या कुळकायद्याचा कृषकदिन, म्हणजे जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले तो दिवसही १ एप्रिल १९५७ हाच होता, त्यामुळे एका घरात ‘जमीन गेली’ आणि दुसऱ्या घरात ‘जमीन झाली’ त्याच तारखेला.) पायली, अधोली, चिपटे ही मापे ऐकली तशीच लिहावीत. त्यांचे किलो करत बसू नये, कारण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळतेच असे नाही.

कागदपत्रे पाहावीत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती बहुधा मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी सोयीने घातलेली असते. त्याउलट वारसाच्या फेरफार नोंदीवरून आजोबा-पणजोबा कधी वारले, याचा बराच नेमका अंदाज येतो. जुने कागद मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोधावा लागतो. निजामाकडच्या गावांचे कागद उर्दूत आणि फसली या महसुली सनात असू शकतात, आणि फसली सनात ५९० मिळवले, की इसवी सन साधारण हाती येतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आपल्या घराण्यातले कोण केव्हा येऊन गेले, हे सापडण्याची शक्यता असते. माझ्या मते मात्र घरातला सर्वांत बोलका कागद म्हणजे लग्नातल्या आहेराची यादी. कोणी पातेले दिले, कोणी पाच रुपये दिले आणि कोणत्या भावकीचे नावच नाही, हे वाचून दाखवावे आणि गप्प बसून ऐकावे.

नावांचा घोळ सुरुवातीलाच मिटवावा. एकाच घरात दोन अण्णा आणि तीन अक्का असतात, आणि बायकांची माहेरची नावे लग्नात बदललेली असतात. म्हणून प्रत्येकीचे माहेरचे नाव आणि गाव विचारून वेगळ्या पानावर लिहून ठेवावे. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. बॉलपेनने लिहू नये, दाब पडून चेहऱ्यावर वळ उठतात. फोटोत कोण आहे, हे विचारून झाल्यावर कोण नाही आणि का नाही, हेही विचारावे.

लिहायला बसल्यावर एका किश्श्याला एक पान पुरे. निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवावे आणि बोलणे ज्याचे त्याच्या तोंडी होते तसे. ‘आलो हुतो’ चे ‘आलो होतो’ करू नये. घड्याळाचा किस्सा काकूंच्या वाक्यावर संपतो. त्यापुढे ‘त्या काळी अशी माणुसकी होती’ असे जोडले, की किस्सा तिथेच मरतो, आणि घरगुती आठवणींच्या बहुतेक पुस्तिका नेमक्या या वाक्याने भरलेल्या असतात. मामा आणि मावशी एकच प्रसंग वेगवेगळा सांगत असतील, तर दोन्ही रूपे नावांसह लिहावीत. खरे-खोटे ठरवायला आपण तिथे नव्हतो. तुमची पडताळणी तळटीपेत द्यावी, मजकुरात मिसळू नये.

वाटण्या, मोडलेली लग्ने, सासुरवास हे विषय निघणारच. ते टिपून घ्यावेत, पण ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसे हयात असतील, तर त्यांना किंवा त्यांच्या मुलांना दाखवल्याशिवाय वाटायच्या प्रतीत घालू नयेत. ‘हे लिहू नको’ असे सांगून बोललेले तर कुठेच लिहू नये, आणि तेवढा भाग ध्वनिमुद्रणातूनही काढून टाकावा.

पहिला खर्डा छापून काढताना अक्षर मोठे ठेवावे, उजवीकडे रुंद समास सोडावा आणि प्रती भावंडांकडे पाठवताना सोबत पेन्सिल द्यावी. फोनवर पाठवलेला मजकूर ‘छान लिहिलंय’ असे उत्तर घेऊन परत येतो. कागदावर मात्र आत्या ‘हे सपशेल खोटे, गाय माझ्या बापाची होती’ असे लिहून धाडते. प्रत्येक दुरुस्तीपुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरे घालून घ्यावीत आणि त्या सर्व दुरुस्त्या हाती आल्यावरच दुसरा खर्डा लिहायला घ्यावा.