मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांतून गाडी चालवताना

दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहराहून मिआवात्लानमार्गे किनाऱ्याकडच्या पोचुत्लाला उतरणारा १७५ क्रमांकाचा रस्ता नकाशावर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास दिसतो, पण त्याला सहा तास धरावे लागतात. एक तर सिएरा माद्रे डोंगररांगेचा घाट, आणि दुसरे तोपे. तोपे म्हणजे तिथले स्पीडब्रेकर. गावात शिरताना, बाहेर पडताना, शाळेसमोर, कधी नुसत्या एखाद्या दुकानासमोरही. पाटी असतेच असं नाही, आणि पट्ट्यांचा रंग उडालेला असला की झाडाच्या सावलीत तोपे डांबरात मिसळून जातो. घरं दिसू लागली की ४० वर या. रस्त्याकडेला फळं-शेंगदाणे विकणारे उभे असतील तर तोपे तिथेच आहे असं धरा, कारण गाड्या तिथेच थांबतात.

ओलांडताना वेग आधीच १० च्या खाली आणा आणि चाक चढण्याच्या क्षणी ब्रेकवरून पाय उचला. ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडीचं नाक खाली बसतं आणि बंपर किंवा इंजिनचा ऑइल चेंबर घासतो. सामान भरलेली, बुटकी गाडी असेल आणि समोरून कोणी येत नसेल, तर तिरपी काढा.

म्हणूनच अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. तोपे, खड्डे, रस्त्यावर बसलेली गुरं आणि मागचा दिवा नसलेले टेम्पो हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसतात, आणि चुकवायला साइडपट्टीही नसते. मुक्कामी पाचपर्यंत पोहोचता येईल असाच टप्पा आखा.

आता डावा इंडिकेटर. वाहतूक उजव्या बाजूने चालते. पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर 'रस्ता मोकळा आहे, पुढे काढा' असा अर्थ असू शकतो, किंवा तो खरंच डावीकडे वळत असेल. स्वतःला पुढचं दिसत नसेल तर त्याच्या भरवशावर ओव्हरटेक करू नका. हीच गोष्ट उलटीही लागू पडते: तुम्ही रस्त्याच्या मधोमध डावा इंडिकेटर देऊन थांबलात, तर मागचा तुम्हाला डावीकडूनच ओलांडायला निघेल. दुपदरी रस्त्यावर वळणासाठी वेगळी मार्गिका नसेल तर उजवीकडे कडेला उतरा, दोन्ही बाजू रिकाम्या होऊ द्या आणि मग वळा. अरुंद पुलावर समोरच्याने आधी हेडलाइट मारला तर तो 'मी येतोय' म्हणतोय. आपल्याकडेही असंच चालतं. अमेरिकेत गाडी चालवायची सवय लागलेल्यांनी मात्र त्याला 'तुम्ही या' समजू नये.

याच १७५ वर सान होसे देल पासिफिको या गावानंतर उतार लांबलचक आहे. ऑटोमॅटिक गाडी 'डी'वर सोडून सतत ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेक तापून पकड जाते. खालचा गिअर टाका. वाहाकाहून किनाऱ्यावरच्या पुएर्तो एस्कोंदिदोलाच जायचं असेल तर २०२४ मध्ये खुला झालेला बार्रांका लार्गा–व्हेंतानिया मार्ग घ्या. साधारण तीन तासांत पोहोचाल. रस्ताक्रमांकापुढे 'डी' असेल तर तो बहुधा टोलचा. टोलसाठी रोख पेसो ठेवा आणि पावती जपा, अपघात झाल्यास विम्यासाठी ती लागू शकते.

टाकी अर्धी झाली की भरून घ्या. मेक्सिकोच्या वायव्येकडच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात एल रोसारियोनंतर ग्वेरेरो नेग्रोच्या दिशेने ३०० किलोमीटरांहून जास्त अंतर भरवशाचा पंप नाही. पेमेक्स या सरकारी तेल कंपनीच्या पंपावर हिरवी नळी साध्या पेट्रोलची आणि काळी डिझेलची. अमेरिकेत हिरवी बहुधा डिझेलची असते, तेव्हा नळी बघून घ्या, आणि भरायला लागण्याआधी आकडा शून्यावर आहे ना तेही.

अमेरिकेतला विमा इथे थर्ड पार्टीसाठी चालत नाही, मेक्सिकन पॉलिसी घ्यावीच लागते. कोणी जखमी झालं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात घेतलं जाऊ शकतं. प्रवासाला निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. गाडी बंद पडली तर ०७८ लावा, सरकारी मदतीच्या हिरव्या गाड्या येतात. घाटात रेंज नसेल तर पुढच्या गावात 'व्हुल्कानिसादोरा' किंवा 'यान्तेरा' अशी पाटी शोधा, तो पंक्चरवाला.