तालुक्याच्या गावात राहून बास्केटबॉलचा कोच व्हायचं तर

दर्यापूरकडच्या शाळेत पीटी शिकवतो, म्हणून पोट्टे हटकून विचारतात, "सर, कोच व्हाले कोणता कोर्स करू?" कोर्स नंतर. आधी जागा बघ बाप्पा.

आमच्या काळ्या मातीत चेंडू उसळतच नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसाळ्यात चिखल. बाजार समितीचा सिमेंटचा ओटा मागून घ्या, पण सोयाबीनची आवक सुरू झाली की तो गेलाच समजा. त्याआधी शाळेच्या मैदानात मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवून घ्या. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. सुरुवातीला अर्धं पुरतं. रिंग गावचा वेल्डरही करून देतो: आतून ४५ सेंटिमीटर, जमिनीपासून ३.०५ मीटर. बोर्ड कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या १.२० मीटर आत घ्या, नाहीतर ले-अप (पळत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणं) मारणारा पोरगा सरळ खांबावर जातो. बारा वर्षांखालच्यांना २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा चेंडू द्या. मोठ्या चेंडूनं त्यांचा हात बिघडतो आणि तो मग सुधरता सुधरत नाही.

मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत बंद. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मुली शेतात जातात. त्यांना संघातून काढू नका, सराव संध्याकाळी घ्या. परवानगीसाठी बापाशी नाही, आईशी बोला. घरात शब्द तिचाच चालतो.

पहिल्या दिवशी काय शिकवायचं? यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाला १९६४ ते १९७५ मध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे जॉन वुडन नव्या खेळाडूंना आधी मोजे नीट घालायला शिकवायचे, फोड येऊ नयेत म्हणून. तेही सुरुवातीला शाळेत इंग्रजीचे मास्तरच होते. आमच्याकडे मोजेच नसतात, म्हणून मी नाडी बांधण्यापासून धरतो. मग थांबणं, वळणं, पास. शूटिंग सगळ्यात शेवटी. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

आता कागद. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात होतं. त्यावर पटियालाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगची पदविका करा. वर्ष काढणं जमत नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड. (पदव्युत्तर पदवी) आणि नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते. अमेरिकेत कॉलेज आणि एनबीए ही व्यावसायिक लीग, दोन्हींची विजेतेपदं मिळवणारे कोच एकटे लॅरी ब्राउन, १९८८ ला कॅन्सस आणि २००४ ला डेट्रॉइट. आपल्याकडे व्यावसायिक संघाच्या भरवशावर घर चालत नाही, म्हणून शाळा-कॉलेजची नोकरी धरूनच कोचिंग करा.

सोबत पंचाची परीक्षा देऊन ठेवा. मानधन मिळतं, आणि टाइमआउटमध्ये दुसऱ्या जिल्ह्याचे कोच पोरांना काय सांगतात तेही फुकटात कानावर पडतं.