सायलोतल्या दाण्यांचं सिम्युलेशन करायचंय? आधी किचनमध्ये जा

सायलो म्हणजे धान्य साठवायची उंच कोठी, पाण्याची टाकी नाही, हे पहिलं डोक्यात घ्या. टाकीत पाणी चढेल तसा तळावरचा दाब वाढतच जातो, धान्यात मात्र दाणे भिंतीला घासून बरंचसं वजन भिंतीवरच टाकतात आणि एका उंचीनंतर तळावरचा दाब जवळपास वाढतच नाही. यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनीअरने हे १८९५ मध्येच मांडलंय.

मेथड वापरायची डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड, म्हणजे एकेका दाण्याची हालचाल कॉम्प्युटरवर मोजायची), कंडॉल आणि स्ट्रॅकचा १९७९ चा पेपर. प्रत्येक दाणा वेगळा गोळा, दोन दाणे टेकले की मध्ये स्प्रिंग न् डॅशपॉट (शॉक-अब्सॉर्बरसारखा धक्का जिरवणारा), की झालं. याडे नावाचं (हसू नका) फुकट सॉफ्टवेअर आहे, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायची.

आता खरी मेहनत. घर्षणाचे आकडे नेटवरून उचलू नका! दोन्हीकडून उघडा पाइपचा तुकडा पेपरवर उभा करा, चणे भरा, हळूच वर उचला, ढीग पडेल त्याचा बाजूने फोटो काढून कोन मोजा. मग हेच सिम्युलेशनमध्ये करा आणि कोन जुळेपर्यंत घर्षण बदला, सोबत रोलिंग फ्रिक्शनही (घरंगळण्याला होणारा विरोध) द्या कारण गोळे खऱ्या चण्यांपेक्षा जास्त घरंगळतात. गंमत अशी की आकड्यांच्या बऱ्याच जोड्या तोच कोन देतात, म्हणून रुंद तोंडाच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा, चणे भरा आणि रिकामी व्हायला किती सेकंद लागतात तेही जुळवा. साखर किंवा पीठ असेल तर चिकटपणाचं मॉडेल लागेल, जुलैत आपल्याकडे साखरेच्या डब्यात काय होतं ते सांगायला नको.

सायलोचं खालचं तोंड दाण्याच्या पाच-सहा पटीपेक्षा लहान ठेवलंत तर कमान होऊन सगळं अडकतं, दादरला दारात तिघं एकदम घुसले की कोणीच उतरत नाही ना, तसंच.

रन फार स्लो असेल तर दाण्यांचा कडकपणा शंभरेक पट कमी करतात, टाइमस्टेप (सिम्युलेशन एका वेळी जितका वेळ पुढे सरकतं तो) मोठा घेता येतो. चालतं, फक्त दाणे एकमेकांत किती घुसतायत ते बघत राहा.

शेवटी तळावरचं बल आणि भरलेलं एकूण वजन ताडून बघा. उंच सायलोत माझं दोन्ही अगदी सारखं येत होतं, दोन दिवस बोरिवली ते चर्चगेट उभ्याने लॉग चाळले आणि निघालं काय, तर भिंतीचं घर्षण शून्यच राहिलेलं.