पंख्याचा पिच बदलताय? आधी या चुका टाळा

थ्रॉटल पूर्ण पुढे, तरी इंजिन ३,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जायला तयार नाही आणि मागून काळा धूर. शिडाच्या बोटीवर हे दिसलं की जेट्टीवरचा प्रत्येक जण सांगतो, पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जितकं पुढे सरकेल ते अंतर, जास्त आहे, कमी करून घ्या. कधी कधी ते खरंही असतं. पण बोट वर काढून, पंखा उतरवून पिच बदलणं हे शेवटचं काम आहे. पहिलं काम आकडे खरे आहेत का ते बघण्याचं.

उदाहरणाला यानमारचं २जीएम२० घेऊ. जुन्या पण अजून भरपूर बोटींत धडधडणारं दोन सिलिंडरचं हे डिझेल ३,६०० आरपीएमला १८ अश्वशक्ती देतं. सतत चालवायची मर्यादा ३,४०० आरपीएमला १६. म्हणजे स्वच्छ तळाच्या, टाक्या भरलेल्या बोटीला शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ३,६०० च्या आसपास पोचता आलं पाहिजे. पिच बरोबर की चूक, हे याच एका कसोटीवर ठरतं.

मीटरवर आंधळा विश्वास. छोट्या इंजिनांचा टॅकोमीटर (आरपीएम मीटर) बहुधा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवरून सिग्नल घेतो. कधीकाळी अल्टरनेटर बदलला, त्याची पुली थोडी लहान-मोठी आली, की मीटर कायमचा चुकीचं दाखवतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजिन बंद करून क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची पुली) पुसा, तिच्यावर चकचकीत पट्टी चिकटवा आणि इंजिन चालू करून लेझर टॅकोमीटरने मोजा. लोंबता पट्टा, बाही, हात, सगळं पुलीपासून लांब ठेवा.

तेवढ्यात थ्रॉटलची केबलही बघून घ्या. इंजिन बंद असताना एकाने कॉकपिटमध्ये लिव्हर पूर्ण पुढे ढकलावा आणि दुसऱ्याने खाली टॉर्च मारून बघावं: इंजिनावरचा लिव्हर त्याच्या स्टॉप स्क्रूला टेकतो का? केबल ताणली गेली असेल तर चार-पाच मिलिमीटरची फट राहते. तेवढ्या फटीने हरवलेले आरपीएम पिच बदलून परत मिळत नाहीत.

चाचणी चुकीच्या जागी घेणं. बोट जेट्टीला बांधून पूर्ण थ्रॉटल देऊन बघितलं तर आरपीएम कमीच दिसणार. बोट जागची हलत नसल्यामुळे पंख्यावर जास्त भार येतो. चाचणी मोकळ्या, शांत पाण्यात आणि वारा पडलेला असताना घ्या. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने आरपीएम बदलत नाही, कारण बोट त्या पाण्यासोबतच सरकते. जीपीएसवरचा वेग मात्र बदलतो. म्हणून वेग दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढा.

तळ घाण असेल तर चाचणीच करू नका. मुंबई बंदराच्या कोमट पाण्यात काही आठवडे उभी राहिलेली बोट आणि तिच्या पात्यांवर चढलेले बार्नाकल (शिंपल्यांसारखे चिकटून बसणारे जीव), एवढ्यानेच इंजिनाचा दम जातो. आधी पाणबुड्याकडून तळ आणि पंखा खरवडून घ्या.

दुसऱ्याचा दोष पंख्यावर टाकणं. पंखा तोच, बोट तीच, गेल्या हंगामात ३,५०० मिळत होते आणि आता ३,००० मिळतात, तर पिच दोषी कसा? पात्याला मार बसला नसेल तर पिच आपोआप बदलत नाही. इंजिन तापवून न्यूट्रलमध्ये क्षणभर पूर्ण थ्रॉटल द्या. तिथेही ३,६०० ओलांडत नसेल तर पंख्याचा संबंधच नाही. न्यूट्रलमध्ये ठीक आणि भाराखाली दम नाही, तर धुराकडे बघा. इंधन कमी पडत असेल तर सहसा काळा धूर येत नाही. फिल्टर आणि इंधनाच्या नळ्या तपासा. काळा धूर असेल तर पंख्याइतकाच संशय एक्झॉस्ट एल्बोवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या वाकणावर घ्या. समुद्राचं पाणी आणि एक्झॉस्ट जिथे एकत्र येतात तिथे कार्बन आणि मीठ साचत जातं. होज काढून आत बघा. भोक बोटाएवढंच उरलेलं असेल तर दुखणं तिथेच आहे.

जास्त पिच तसाच चालवणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. इंजिन २,२०० वर शांत चालतं, बोट साडेपाच नॉटने जाते, आवाज कमी, मालक खूश. पण पंखा खेचत असलेली शक्ती साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पिच बरोबर असेल तर २,८०० वर पंखा कमाल शक्तीच्या निम्म्याहून थोडी कमी मागतो, आणि इंजिनाजवळ त्या आरपीएमला बरीच शिल्लक असते. तेच इंजिन जास्त पिचमुळे २,८०० वरच अडत असेल, तर तिथे शिल्लक शून्य. गव्हर्नर (आरपीएम टिकवून धरणारा भाग) इंधन ओततच राहतो, हवा पुरत नाही, काजळी धरते, तापमान चढतं. समोरून वारा आणि लाट आली की हातात काही उरत नाही. म्हणून थोडा कमी पिच परवडला, जास्त नको.

अंदाजाने मोठा बदल. आधी कागदावरची फसवणूक ओळखा. फेरे २.६२ पट कमी करणाऱ्या गिअरबॉक्समधून ३,६०० चे शाफ्टवर मिनिटाला साधारण १,३७४ फेरे होतात. १० इंच पिच धरला तर हिशेबाने ११ नॉट येतात. पण जलरेषेवर (पाण्याच्या पातळीवर) २२ फूट लांब असलेली बोट सव्वासहा नॉटच्या फार पुढे जात नाही. हिशेब आणि प्रत्यक्ष वेग यांतली ही जवळजवळ ४५ टक्के घसर अशा बोटीत नेहमीचीच. तिच्याशी भांडायला पिच वाढवला तर वेग वाढत नाही, इंजिन मात्र दबतं.

ढोबळ नियम असा: एक इंच पिच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. ६०० कमी पडत असतील तरी एकदम तीन इंच उतरवू नका. दोन इंच उतरवा, चाचणी घ्या, मग पुढचं बघा. साध्या पंख्याच्या बॉसवर (मधल्या गाभ्यावर) व्यास आणि पिच कोरलेला असतो, पण जुन्या, दुरुस्त केलेल्या पंख्यात प्रत्येक पातं वेगळं निघू शकतं. वर्कशॉपमध्ये सगळी मोजून घ्या.

मॅक्स-प्रॉपसारख्या फेदरिंग (शिडावर चालताना पाती पाण्याच्या दिशेला वळवणाऱ्या) पंख्यात पिच अंशांत लावतात. १५ इंची पंख्याला १८ अंश म्हणजे सुमारे पावणेअकरा इंच, १६ अंश म्हणजे साडेनऊच्या आत. दोन अंशांतच सव्वा इंच गेला! खोलण्याआधी फोटो काढा, प्रत्येक पात्यावरचा क्रमांक आणि त्याची जागा लिहून ठेवा, जुळणी कंपनीच्या तक्त्यावरूनच करा. एक पातं एका दात्याने चुकलं तरी शाफ्ट थरथरतो आणि त्याला आधार देणारं कटलेस बेअरिंग खातो.

बोट पाण्यात गेल्यावर पूर्ण थ्रॉटलचे आकडे लॉगबुकात लिहा, सोबत तळाची अवस्था आणि तारीखही. मग रिव्हर्स तपासा: पाच नॉटवरून बोट किती लांबीत थांबते ते मोकळ्या पाण्यात बघून घ्या, जेट्टीजवळ नाही.